सात नंबरच्या पत्त्यावर

बाबांच्या मांडीवरच्या टॅबवर एकच ओळ होती आणि ती मराठीत होती, म्हणूनच सरिताला ती इतकी लागली. '१९२.१६८.१.७ ने कनेक्ट करण्यास नकार दिला.' तिच्याखाली निळ्या चौकटीत 'रीलोड करा'. हीच ओळ ती सोळा-सतरा वर्षं ऑफिसात इंग्रजीत बघत आली होती, दिवसातून चार वेळा, चहाचा घोट घेता घेता, आणि तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण टॅब आणला तेव्हा तिनंच त्याची भाषा मराठी करून ठेवली होती, बाबांना वाचता यावं म्हणून. आणि आता बाबा ती वाचत होते. डाव्या हाताच्या बोटानं निळी चौकट दाबत होते. पान क्षणभर पांढरं व्हायचं, काहीतरी शोधल्यासारखं थांबायचं आणि पुन्हा तेच लिहून यायचं. नकार दिला. त्यांचा पायजमा भिजलेला होता. चादरीवर ओल पसरत भिंतीपर्यंत गेली होती. रस्त्यावरून नांदेडकडे जाणारा ट्रक गेला, खिडकीची काच बारीक थरथरली आणि बाबांनी पुन्हा एकदा बोट टेकवलं.

"अगं सरे, तुला काहीच कळालं न्हाई का?" दारात उभी राहून माय म्हणाली. ती, पद्माबाई, सकाळपासून शेजारच्या बेबीबाईंकडे कुरडया घालायला गेली होती, आत्ताच येऊन पाहते तर हे. "कवाचे दाबून राहिलेत ते."

"न्हाई माय. माझ्याकडं काही आलंच न्हाई."

खरंच काही आलं नव्हतं. दहा वाजल्यापासून ती मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून पुण्याच्या ऑफिसशी बोलत होती, आणि मधूनमधून मनात म्हणत होती की आज बाबा शांत आहेत, आज त्यांना बरं वाटत असावं. या शांततेचं तिला सुखच वाटलं होतं. आता ते सुख आठवून तिच्या मानेवर गरम काहीतरी चढलं.

दोघींनी मिळून त्यांचे कपडे बदलले. मायनं पाठीखाली हात घातला, सरितानं पाय उचलले. बाबा, म्हणजे लाइनमन सोनाजी खिल्लारे, एके काळी लाकडी शिडीशिवाय तारेच्या खांबावर चढत. कळमनुरी, कुरुंदा, थेट सेनगावकडच्या साखऱ्यापर्यंत टेलिफोनच्या लाइनी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. कुठल्या गावात कुठल्या बाभळीला तार घासते हे त्यांना पाठ होतं. आता त्यांचा उजवा पाय तिच्या हातात ओल्या वाळूच्या पोत्यासारखा होता. ते भिंतीकडे बघत होते. लकवा भाद्रपदात झाला, त्याला सात महिने होऊन गेले होते. तोंडून निघायचं ते एक 'हं' किंवा भलताच शब्द. पाणी हवं असलं की 'बैल' म्हणायचे आणि आपल्याच शब्दाकडे चकित होऊन बघायचे. नांदेडचे डॉक्टर म्हणाले होते, शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट मोडली आहे. ते ऐकून सरिता ऑफिसला विचारून इकडे आली, घरूनच काम करते म्हणाली, नवरा आणि मुलगी पुण्यात राहिले. आणि आल्यावर आठ दिवसांत तिनं बाबांसाठी एक पान लिहिलं होतं. पीएचपी या कॉम्प्युटरच्या भाषेत, साधंच. बारा चित्रं, मोठी मोठी: पाणी, लघवी, गोळी, पंखा, कूस बदलायची, माय, अशी. बाबांनी टॅबवर चित्र दाबलं की मागच्या खोलीत तिच्या लॅपटॉपवर घंटी वाजे आणि तेच चित्र उमटे. त्याला बाहेरचं इंटरनेट लागत नव्हतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, घरातल्या घरातच सगळं. पाच महिने ते चाललं होतं. पहिल्या दिवशी बाबांनी पंखा दाबला आणि ती धावत येऊन पंखा लावून गेली, मग त्यांनी परत पंखा दाबला आणि ती येऊन बंद करून गेली, आणि तिसऱ्यांदा दाबला तेव्हा ते अर्ध्या तोंडानं हसत होते.

आज मात्र ते तिच्याकडे बघत नव्हते. तिनं उशी सारखी केली, म्हणाली, "बाबा, मशीनचा घोटाळा झाला. मला खबरच न्हाई लागली." त्यांनी डोळे मिटले. मिटले म्हणजे झोपले नाहीत, हे तिला पापण्यांच्या हालचालीवरून कळत होतं.

टॅब आणि लॅपटॉप दोन्ही घेऊन ती स्वयंपाकघरात आली आणि भिंतीला टेकून फरशीवर बसली. इथं जरा गार होतं. मागच्या दारातून उन्हाचा एक लांब पट्टा आत आला होता, आणि त्याच्याबरोबर कुठल्यातरी शेतात शिजत असलेल्या हळदीचा वास, ओला, मातकट, पिवळा वास, जो या दिवसांत सगळ्या मुलखावर पातळ पांघरुणासारखा पसरलेला असतो. त्या वासानं तिला नेहमी पेंग यायची. लहानपणीही यायची. आताही यायला लागली. डोळ्यांसमोरची अक्षरं किंचित पाण्यात गेल्यासारखी झाली. लॅपटॉपवर तिनं तेच पान उघडलं, तर ते उघडलं. बाराच्या बारा चित्रं जागच्या जागी. म्हणजे पान जिवंत होतं, लॅपटॉपमधला ते पान पुरवणारा सर्व्हर चालू होता, तो घरात बसून स्वतःशी व्यवस्थित बोलत होता. फक्त टॅबला तो नाही म्हणत होता.

नाही म्हणणं आणि काहीच न म्हणणं यांत फरक असतो. नवीन लागलेल्या मुलामुलींना ती हे पहिल्यांदा शिकवायची. तुम्ही हाक मारली आणि नुसती वाट बघत राहिलात, शेवटी वेळ संपला असं आलं, तर पलीकडे कुणी नाही, किंवा मधेच कुणी हाक गिळून टाकली. पण लगेच नकार आला तर पलीकडे कुणीतरी आहे. त्यानं तुमची हाक ऐकली आहे, आणि ऐकून सांगितलं आहे की तुम्ही ज्या दारावर आलात त्या दारामागे कुणी बसलेलं नाही. तेव्हा नकार आला तर आनंद माना, असं ती म्हणायची आणि पोरं हसायची. ती स्वतः हे कुठं शिकली होती? पुस्तकात नाही. पुण्यात एका रविवारी सकाळी, घरमालकीणबाईंच्या ओट्यावरच्या फोनपाशी उभं राहून, घंट्या मोजता मोजता. एकवीस, बावीस, तेवीस. पलीकडे वारंगा फाट्याच्या या घरात घंटी वाजत होती आणि कुणी उचलत नव्हतं. नकारही नाही. नुसती वाट.

अठरा वर्षं झाली त्याला. तिनं आणि प्रमोदनं लग्न केलं ते नोंदणी करून, दोन मित्रांच्या सह्या घेऊन, कुणाला न सांगता. प्रमोद लातूरकडचा, दुसऱ्या समाजातला. त्याच्या चुलत्यांनी काय काय केलं असतं याची तिला भीती होती, ते खरं. पण बाबांना तरी सांगायचं होतं. बाबा तर जयंतीच्या स्टेजवर दरवर्षी बोलायचे, की जात मोडायची तर रोटीबरोबर बेटी पाहिजे, आणि टाळ्या पडायच्या, आणि तीही पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची. तरी सांगितलं नाही. स्टेजवरचे बाबा आणि घरातले बाबा एकच आहेत का, हे ताडून बघायची तिला हिंमत झाली नाही. लग्नानंतर चौथ्या दिवशी तिनं फोन लावला. घंटी गेली, उचलला नाही. मग दर रविवारी लावला, दहाच्या सुमाराला, बाबा हमखास घरी असतात त्या वेळी. पाऊण वर्ष. आणि प्रत्येक वेळी त्या घंट्यांमधून तिला बाबा दिसायचे: खुर्चीत बसलेले, पेपर वाचणारे, फोनकडे एकदा बघून पेपराचं पान उलटणारे. ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याला एकमेकांचा आवाज ऐकवला त्यानं तिच्यासाठी हात लांब केला नाही. शेवटी एका रविवारी तिनं नंबर फिरवला नाही. त्या दिवशी तिनं पोहे केले होते, हे तिला अजून आठवत होतं. पोह्यांत मीठ टाकायचं राहिलं होतं आणि प्रमोद काही न बोलता खात होता.

"चहा टाकू का?" माय म्हणाली.

"टाक."

गॅसजवळच्या फळीवर मायचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता, आणि त्याच्या वर, खिळ्याला टांगलेल्या खोक्यात, हिरवे दिवे मिचकावणारा राउटर. सकाळी नऊला लाइट गेली होती, साडेनवाला आली. सरिताच्या डोक्यात काहीतरी हळूच बाजूला सरकलं. तिनं लॅपटॉपला त्याचा स्वतःचा पत्ता विचारला. बारा. शेवटचा आकडा बारा होता. काल संध्याकाळपर्यंत तो सात होता. लाइट गेल्यावर राउटर सगळं विसरला, आणि परत आल्यावर जो जसा समोर आला तसे त्यानं नवे नंबर वाटून दिले, शाळेच्या पहिल्या दिवशी मास्तर देतात तसे. लॅपटॉप तेव्हा बंद होता. तो दहाला उठला, त्याला बारा मिळाला. बाबांचा टॅब बिचारा जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत होता. पण मग सातवर नाही म्हणणारं कोण आहे? रिकाम्या घरातून नकार येत नाही.

तिनं राउटरची यादी उघडली. घरातल्या यंत्रांची तीन नावं एकाखाली एक आली, आणि सातच्या पुढचं नाव वाचून ती हसली, मोठ्यानं, एकटीच.

"काय झालं गं?"

"माय, बाबा सकाळपासून तुला आवाज देऊन राहिले व्हते."

"मला? म्या तर बेबीबाईकडं व्हते."

"तू न्हाई, तुझा मोबाईल. हा." तिनं फळीकडे बोट केलं. "लाइट गेली न, तवा माझा नंबर तुझ्या मोबाईलला मिळाला. बाबा पाणी मागाया माझ्याकडं येत व्हते ते तुझ्या दारावर गेले. अन् तू म्हणत व्हतीस, इथं कुणी न्हाई, जा. दर खेपी."

मायनं हातातली साखरेची बरणी खाली ठेवली. तिनं मोबाईलकडे असं पाहिलं की सरिताला वाटलं, गंमत कुठंतरी चुकली.

"म्या न्हाई म्हणत व्हते?"

"अगं, तसं न्हाई माय. मोबाईलला काय कळतंय."

"अन् त्यायला काय दिसत व्हतं तिकडं? ते तर दाबूनच राहिले व्हते."

"त्यायला वाटलं असल आपण ऐकून बी येत न्हाई."

चहा उतू आला आणि मायनं गॅस बंद केला, पण पातेलं तिथंच राहू दिलं. ती पदर खांद्यावरून पुढे घेऊन सरिताच्या समोर, फरशीवर बसली. तिचे गुडघे दुखत होते, एरवी ती खाली बसत नसे. उन्हाचा पट्टा आता तिच्या पावलांवर होता. टाचांच्या भेगांत कुरडयांचा गव्हाचा चीक वाळून पांढरा झालेला दिसत होता. थोडा वेळ ती तो नखानं खरवडत राहिली.

"तवा बी म्याच केलतं ते," ती म्हणाली.

"कवा?"

"तुझ्या लग्नाच्या वक्ती. आपला तो काळा फोन व्हता न, खात्याचा. त्याची तार म्याच काढली व्हती. कपाटामागं डबी व्हती बघ भिंतीला, तिच्यातल्या दोनातली एक."

सरिताला ते शब्द कळले, पण ते तिच्यापर्यंत यायला वेळ लागला. मधे कुठंतरी हळदीचा वास होता, त्यातून ते चालत येत होते.

"काहून?"

"प्रमोदरावाचे चुलते फोन करत व्हते. दोन दिस झाले, तीन दिस झाले. काय काय बोलायचे माय. घराला आग लावू, म्हाताऱ्याला खांबावरून खाली पाडू. म्या उचलायचे, तुझ्या बाबाला कळू देत नव्हते. यायचं बीपी तवा किती व्हतं तुला ठावं हाय. एक दिस यायनं उचलला असता तर? मंग म्या तारच काढली. म्हणलं आठ दिस जाऊ दे, मंग लावू."

"अन् मी फोन करत व्हते ते?"

मायनं मान वर केली. "तू फोन करत व्हतीस?"

"दर रविवारी. माय, दर रविवारी. पाऊण वर्ष."

"मला काय ठावं बाई. वाजलाच न्हाई तो. म्या म्हणलं, पोरगी रागात हाय."

तार तुटलेली असली तरी फोन करणाऱ्याला घंटी ऐकू येते. हे सरिताला माहीत होतं. सहावीत असल्यापासून माहीत होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा तिला सायकलच्या दांडीवर बसवून कुरुंद्याच्या लाइनवर घेऊन गेले होते आणि खांबाखाली उभं राहून त्यांनी सांगितलं होतं, ती घंटी एक्स्चेंज वाजवतं, आपल्याला ऐकवायला. पलीकडं वाजतीच असं काही न्हाई, बराबर? म्हणून फॉल्ट काढायचा तर घंटीवर भरवसा ठेवायचा न्हाई, स्वतः जाऊन बघायचं. तिनं बराबर म्हटलं होतं. पुढं आयुष्यभर तिनं लोकांची यंत्रं याच एका वाक्यावर दुरुस्त केली होती. आणि स्वतःच्या घराच्या बाबतीत ती पाऊण वर्ष घंटीवर भरवसा ठेवून बसली. वारंग्याची बस पुण्याहून रात्री नऊला सुटत होती. एकदाही बसली नाही.

"आठ दिसाचे म्हैने कसे झाले ते कळालंच न्हाई," माय सांगत होती. तिचा आवाज दुसऱ्या कुणाविषयी बोलावं तसा सपाट होता. "लावू लावू म्हणायचे अन् हात भिऊन जायचा. हे रविवारी कुठंच जात नव्हते मंग. मीटिंगला न्हाई, कुणाच्या लग्नाला न्हाई. पेपर घिऊन फोनजवळ बसायचे. म्या म्हणायचे, जरा फिरून या, तर म्हणायचे, ऱ्हाऊ दे. श्रावणात एकदा उठले अन् यायनंच फोन उचलला. कुणाला करणार व्हते कोण जाणे. कानाला लावला, तसाच धरला. मंग तारेला बोट लावून बोट लावून निघाले, मांजर भिंतीकडंनं जातं तसे. कपाट सरकवलं. डबी उघडली. म्या हितंच, भाकर थापून राहिले व्हते. हितून समदं दिसतं बघ. त्यायनं माझ्याकडं बघितलं."

"काय म्हणले?"

"काहीच न्हाई. पेचकस आणला, तार लावली, कपाट व्हतं तिथं ठिवलं. हात धुतले अन् जेवाया बसले. आजवर इचारलं न्हाई का पद्मे, हे काहून केलंस. अन् म्या बी सांगितलं न्हाई." तिनं डोळ्याला पदर लावला नाही, नुसती नाकपुडी पुसली. "अन् मंग बी तुझा फोन आला न्हाई."

आला नव्हता. श्रावण येईतो तिनं फोन करणं सोडलं होतं. त्या पोह्यांच्या रविवारी बाहेर बारीक भुरभुर होती. म्हणजे चुकामूक झाली ती एका-दोन आठवड्यांनी. त्यापुढचं सगळं तिला माहीत होतं. दोन वर्षांनी ऐश्वर्या पोटात असताना माय बाळंतपणाला पुण्याला आली, बाबा स्टेशनवरून पिशव्या उचलून घेऊन आले, नातीला मांडीवर घेतलं, प्रमोदला 'जावईबापू' म्हणाले, आणि सगळं असं सुरू झालं की जणू मधे काही नव्हतंच. तिनं कधी विचारलं नाही की फोन का उचलला नाही. विचारलं असतं तर त्या एका वाक्यात सगळं सुटलं असतं. पण सगळे इतके जपून, इतके गोड वागत होते की त्यात ते वाक्य ठेवायला जागाच नव्हती. सणावारी ती यायची, बाबा फाट्यावर घ्यायला यायचे, आणि फाट्यापासून घरापर्यंत ते दोघं ऊन किती आहे याविषयी बोलायचे. तिला वाटायचं, मी यांना माफ केलं आहे. आता फरशीवर बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं, की त्यांनाही तिच्याविषयी तेच वाटत आलं असणार. आपण हिला माफ केलं. हिनं एक फोनसुद्धा केला नाही, तरी केलं.

मायनं चहा गाळला. दोघी तो पुन्हा न तापवता, कोमट, बशीतून प्यायल्या. बाहेरच्या खोलीतून पंख्याचा आवाज येत होता, आणि त्याच्यापलीकडे महामार्गाचा, जो इथं कधी थांबत नाही, फक्त कानाला सवयीचा होतो. सरितानं लॅपटॉप पुढे ओढला. बोटं आपोआप चालत होती. टॅबवरच्या पत्त्यातला सात खोडून तिनं बारा केला आणि दाबलं. पान पांढरं झालं, थांबलं, आणि आलं: १९२.१६८.१.१२ ने कनेक्ट करण्यास नकार दिला.

या वेळी बारावर दुसरं कुणी नव्हतं. ते तिचंच यंत्र होतं. ती त्या ओळीकडे बघत राहिली आणि मग तिला सकाळ आठवली: ऑफिसची मीटिंग सुरू होत होती, घाईत तिनं सर्व्हर चालू केला तो ऑफिसच्या सवयीनं, लोकलहोस्टवर. हे नाव प्रत्येक यंत्राकडे असतं, ते फक्त स्वतःला हाक मारायचं. त्या नावावर सर्व्हर बसवला की तो स्वतःचं तेवढं ऐकतो. शेजारच्या खोलीतून कुणी कितीही दार वाजवलं तरी त्याच्या लेखी ते दार नाहीच. म्हणजे पत्ता बदलला नसता तरी आज काही पोचलं नसतं. दोन दोष होते, एकामागे एक उभे, आणि पहिला सापडला की माणूस दुसरा शोधत नाही. तिनं सर्व्हर बंद केला. बाहेरून येणाऱ्या सगळ्यांचं ऐकायला सांगून पुन्हा चालू केला. राउटरमध्ये जाऊन लॅपटॉपचा नंबर कायमचा बांधून टाकला, पुन्हा लाइट गेली तरी तो दुसऱ्या कुणाला मिळायला नको. मग टॅबवर बोट ठेवलं. बाराच्या बारा चित्रं एकदम आली, रंगीत, निर्मळ, जणू कुठं गेलीच नव्हती.

"झालं का?" माय म्हणाली.

"व्हय, झालं."

पण ती उठली नाही. तिला वाटलं, हे आता इथंच ठेवून देता येईल. बाबांना आज काय कळेल, किती कळेल, डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. अठरा वर्षं ते जे धरून आहेत त्याची त्यांना सवय झाली असेल. आजारी माणसाच्या उशाखालून काही काढायला जाऊ नये. मायलाही यात ओढायला नको. हे सगळं तिला पटत होतं, आणि पटत असताना ती उठून उभी राहिली होती, पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि ती भिंतीला हात लावत बाहेरच्या खोलीकडे चालली होती. माय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

"सांग त्यायला," ती मागून म्हणाली. "तार काहून काढली ते बी सांग. म्या सांगितलं असतं, पर माझ्याच्यानं व्हत न्हाई."

बाबा जागे होते. खिडकीतून दिसणाऱ्या पांढऱ्या उन्हाकडे बघत होते. तिनं टॅब त्यांच्या पोटावर ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसली. त्यांनी चित्रांकडे पाहिलं, पण बोट उचललं नाही.

"बाबा," ती म्हणाली, आणि परत म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नानंतर मी फोन करत व्हते. दर रविवारी, दहाला. आपली तार निघलेली व्हती तवा. मला तिकडं घंटी ऐकू येत व्हती. मला वाटलं तुमी उचलत न्हाई."

त्यांची मान हळूहळू वळली. डावा डोळा तिच्यावर होता, उजवा जरा मागे राहिलेला.

"धमक्या येत व्हत्या, प्रमोदच्या चुलत्यांच्या. तुमचं बीपी वाढल म्हणून मायनं तार काढली. तिला बी ठावं नव्हतं मी करत व्हते म्हणून. कुणालाच ठावं नव्हतं. पाऊण वर्ष केला, बाबा. मंग सोडून दिला. इथं येऊन बघायला पाहिजे व्हतं, तुमीच शिकवलं व्हतं, पर न्हाई आले."

त्यांनी डाव्या हातानं पोटावरचा टॅब बाजूला सारला, गादीवर पालथा घातला. सरिताला वाटलं, झालं, आता हे भिंतीकडे वळणार. पण त्यांनी तिचं मनगट धरलं. पकड अजून तीच होती, खांबांवर चढणाऱ्या माणसाची. आणि त्यांच्या तोंडातून आवाज निघाला, आधी नुसता श्वास, मग त्या श्वासाला आकार आला.

"शून्य," ते म्हणाले.

तिला वाटलं, हाही भलताच शब्द. पण ते थांबले नाहीत. "दोन. शून्य." मग जरा दम घेतला, जिथं दम घ्यायचा असतो बरोबर तिथं. "दोन. चार." त्यांच्या आवाजात चाल होती, एक्स्चेंजच्या खोलीत एक लाइनमन दुसऱ्याला नंबर सांगतो तशी, प्रत्येक आकडा वेगळा, धुतल्यासारखा. आणि चौथ्या-पाचव्या आकड्याला सरिता पुढे झुकली, कारण तो नंबर तिला ठाऊक होता. तो पुण्याचा होता. घरमालकीणबाईंच्या ओट्यावरचा. तिनं तो फक्त आपल्या गावातल्या मैत्रिणीला, पुनमला, कळवला होता. तिच्याकडून त्यांनी कधी घेतला, काय म्हणून घेतला, हे ते आता सांगू शकले नसते. अठरा वर्षं तो तिथं होता. 'पाणी' गेलं, 'माय' गेली, स्वतःचं नाव गेलं, आणि हा राहिला.

सात आकडे झाले, आठ झाले. एस.टी.डी.चा कोड धरून एकूण अकरा होते. नववा आला. दहाव्याला त्यांची जीभ अडली. ते कपाळाला आठ्या घालून वर बघत राहिले, आढ्याकडे, तिथं तो लिहिलेला असावा तसे, आणि मनगटावरची पकड घट्ट होत गेली. उंबऱ्यात माय पदर तोंडात धरून उभी होती. सरिताच्या ओठांवर तो आकडा आला होता. तिनं तो सांगितला नाही. तिनं दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला आणि थांबून राहिली. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, काच थरथरत होती, ऊन सरकत पलंगाच्या पायापर्यंत आलं होतं. तिला कसलीच घाई नव्हती.

"नऊ," बाबा म्हणाले. आणि मग, सोप्पं असल्यासारखं, शेवटचा.